काम हाताला का लागत नाही? मेंदूतली रसायनं, रातपाळी आणि 'आळस'

कुळागर (फोंडा)

नमस्कार मंडळी. हा धागा काढीन काढीन म्हणता चवथ (गणेशचतुर्थी) उलटून गेली. आज सुट्टी आहे, लिहून टाकतो. थोडं लांबेल.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला आहे. अकरा वर्षं झाली. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलतात. गेल्या पावसाळ्यात मला काहीतरी होऊ लागलं. पहाटे साडेतीनला एचपीएलसीच्या (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीनवर आलेख उघडायचा, शिखराखालचा आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा, एवढंच काम. आकडा वाचून वहीकडे मान वळवेपर्यंत तो डोक्यातून गेलेला असायचा. परत स्क्रीन, परत वही. एका ओळीला चार-चार वेळा. एका रात्री डायल्यूशनचा गुणक (नमुना किती पट पातळ केला तो आकडा) ५० च्या जागी ५ लिहिला गेला. सकाळी तपासणीत सापडला. मग चौकशी, लेखी खुलासा. खुलाशात 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं लिहून द्यावं लागलं. घरी आई म्हणाली, पूर्वी तू असा आळशी नव्हतास रे.

निष्काळजीपणा आणि आळस. दोन्ही शब्द लागले, कारण काळजी तर मी पोटात गोळा येईपर्यंत करत होतो. मग हे डोक्यात नक्की काय चालतं ते वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळांच्या बागेच्या, कडेलाच येऊन पोचलो.

आजोबांनी पोफळींच्या सावलीत सर्पगंधा लावली होती. लालभडक देठ, वर पांढरी बारीक फुलं. मुळाचा उपयोग आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या माहीत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचे तिचे परिणाम ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाब उतरायचा, पण काही रोग्यांचा उत्साहही उतरायचा. माणूस गप्प गप्प व्हायचा.

१९५७ च्या सुमारास स्वीडनच्या लुंडमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे निपचित पडले, कान गळाले, हलायला तयार होईनात. मग त्यांना एल-डोपा दिलं, ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. डोपामिन हे मेंदूतलं स्वतंत्र निरोप्या रसायन आहे, हे त्यातून उभं राहिलं. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

आणि हे एल-डोपा आपल्या गडग्यावर चढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत असतं! १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्या बियांतून वेगळं केलं होतं. डोपामिन रिकामं करणारं मूळ आणि डोपामिनचा कच्चा माल असलेलं बी, दोन्ही आमच्या कुळागराला लागून. हे वाचलं त्या दिवशी मी संध्याकाळी जाऊन नुसता तिथे उभा राहिलो.

त्या सशांना कोणी आळशी म्हटलं नाही. म्हणून विचारतोय, तुमच्यापैकी कोणाला कामात असं झालंय का? आणि ज्यांना यातलं शास्त्र कळतं त्यांनी कृपया लिहा.

---

निवृत्त मास्तर (डिचोली)

कुळागर, मनापासून लिहिले आहे, म्हणून मीही मनापासून लिहितो. मी छत्तीस वर्षे हायस्कूलला शिकवले. आमच्या काळी डोपामिन हा शब्द नव्हता, तरी मुले शिकली. सगळे रसायनावर ढकलले तर निश्चय, शिस्त, जिद्द यांना काय अर्थ उरतो, ही माझी पहिली शंका.

दुसरी शंका शास्त्र जाणणाऱ्यांसाठी. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर झोपणारी मुले असत. तीच मुले चवथीच्या दोन दिवस आधी पहाटे चारला उठून, भर पावसात, जळवा झटकत रानात जात आणि माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या चौकटीचे, सामान घेऊन येत. कांगले, माट्टी, कवंडळे, घागऱ्यो. कोणते फळ कोणत्या ओहोळाच्या काठाला मिळते ते पाठ. माटोळी बांधताना तीन तास मान वर करून उभी. मुलगा तोच, मेंदू तोच. मग आषाढात वर्गात नसलेले लक्ष चवथीला कुठून येते?

---

औषधविद्या (पणजी)

मास्तर, तुमच्या माटोळीत या विषयाचा गाभाच आला. मी वीस वर्षं फार्माकोलॉजी शिकवते, पण हे उदाहरण मला सुचलं नव्हतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. डोपामिनला सगळे 'आनंदाचं रसायन' म्हणतात, ते बरोबर नाही. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं तरी जिभेवर साखर ठेवली की ते चवीने चाटतात. गोडी तशीच असते, गोडीपर्यंत चालत जाण्याची ओढ जाते. जॉन सलामोनी यांच्या प्रयोगांत उंदरापुढे दोन वाटा असायच्या. एकीकडे अडथळा चढून गेलं तर जास्त खाणं, दुसरीकडे सपाट जमिनीवर थोडंसं. धडधाकट उंदीर बहुधा अडथळा चढतो. डोपामिन कमी केलेला उंदीर सपाट वाट धरतो. त्याला भूक आहे, चव आहे, चढायची ताकदही आहे. 'एवढे कष्ट घेण्यासारखं आहे का?' या प्रश्नाचं उत्तर तेवढं बदललेलं असतं.

दुसरा धागा वोल्फ्राम शुल्ट्झ यांचा. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात बोलतात. दिवा लागला की रस येतो हे माकडाला कळलं की त्या दिवा लागतानाच बोलतात आणि प्रत्यक्ष रस आला तरी गप्प राहतात. आणि दिवा लागूनही रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही खाली जातात. म्हणजे त्या अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. माणसाच्या मेंदूत एकूण सुमारे ८६०० कोटी चेतापेशी, त्यांतल्या मध्यमेंदूतल्या अशा पेशी जेमतेम चार ते सहा लाख. एवढ्याशा पेशी सगळ्या धडपडीचा हिशेब ठेवतात.

आता माटोळी बघा. रानात शिरलं की दर दहा पावलांवर काहीतरी सापडतं किंवा हुकतं. जे सापडेल ते हातात दिसतं. संध्याकाळी घरचे, शेजारी, सगळे वर बघून विचारणार, हे कुठे मिळालं रे? मेहनत आणि फळ यांच्यामधला दोर आखूड आणि डोळ्यांसमोर. वर्गातल्या मुलाचं फळ कुठे, तर मार्चमधल्या परीक्षेत.

आणि कुळागर, तुमचं काम तर याच्या अगदी उलट बाजूला आहे. क्वालिटी कंट्रोलमध्ये हजार आकडे बरोबर आले तर कोणी काही बोलत नाही. एक चुकला की चौकशी. चांगल्या कामाची नोंदच मेंदूपर्यंत येत नाही, खाली जाण्याचे क्षण तेवढे येतात. अशा ठिकाणी ओढ आटली तर मला त्यात नवल वाटत नाही.

मास्तर, निश्चय खोटा ठरत नाही. निश्चय ज्या भागात होतो, त्या कपाळामागच्या भागालाही हीच रसायनं लागतात. तिथे डोपामिनच्या जोडीला नॉरअ‍ॅड्रिनालिन असतं. मेंदूच्या बुंध्याशी एक निळसर ठिपका आहे, तिथून ते सगळीकडे जातं. ते फार कमी असलं तर डुलकी, फार वाढलं तर बावचळणं, मधल्या पट्ट्यात लक्ष लागतं. उत्तेजना आणि कौशल्य यांचं हे नातं यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर १९०८ मध्येच दाखवलं होतं. चौकशीनंतर मागे कोणी उभं राहिलं की हात थरथरतो आणि चुका वाढतात, तो हाच प्रकार.

---

मांडवीतीर

लिहू की नको असं झालं होतं, पण ताईंनी रसाचं लिहिलं म्हणून लिहिते.

मी मांडवीतल्या एका कॅसिनोत टेबलावर पत्ते वाटते. सहा वर्षं. रोज रात्री स्लॉट मशीनसमोरून जाते. लोक तासन् तास बसलेले असतात, चहा गार झालेला, डोळे लाल. मला एक गोष्ट फार आधी दिसली होती. जिंकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर फारसं काही उमटत नाही. चाकं फिरत असतात तेव्हा उमटतं. श्वास अडकतो, अंगठा बटणावर वर उचललेला राहतो. चाकं थांबली की चेहरा विझतो आणि अंगठा परत खाली. असं का, हे मला कधी कळलं नव्हतं.

आता माझं. ब्रेकला खाली गेले की मोबाइल उघडायचे आणि छोटे व्हिडिओ सरकवत राहायचे. परत टेबलावर आलं की पत्ते नकोसे वाटायचे, मोजणी चुकायची. एकदा आरशात बघितलं, माझा अंगठा तसाच वर उचललेला होता. त्या मशीनसमोरच्या माणसांसारखा. त्या दिवसापासून फोन लॉकरमध्ये. ब्रेकला डेकवर जाते, नदीकडे बघते, पलीकडच्या बेतीचे दिवे बघते. पहिले आठ-दहा दिवस फार जड गेले. नंतर पत्त्यांत लक्ष परत आलं.

---

औषधविद्या (पणजी)

मांडवीतीर, तुम्ही नुसत्या डोळ्यांनी जे टिपलं ते शुल्ट्झ यांच्या गटाने २००३ मध्ये मोजून दाखवलं. मिळेल की नाही हे अगदी अर्धं-अर्धं असतं, तेव्हा निकालाची वाट बघतानाच डोपामिनच्या पेशींचं बोलणं हळूहळू चढत जातं आणि ते सगळ्यात जास्त चढतं. नक्की मिळणार किंवा नक्की नाही मिळणार, दोन्हींत ते चढत नाही. मशीनची चाकं आणि मोबाइलवरचा पुढचा व्हिडिओ, दोन्ही या अर्ध्या-अर्ध्यावर उभे आहेत.

फक्त 'डोपामिनचा उपवास' असं जे हल्ली म्हणतात ते शब्द चुकीचे. डोपामिनचा उपवास करता येत नाही, ते नसेल तर माणूस कार्लसनच्या सशासारखा पडून राहील. तुम्ही बदललंत ते अर्ध्या-अर्ध्याचं आमिष. तेवढं पुरतं.

---

शिरगावकर_०७

खाजकुइलीच्या बियांची पावडर ऑनलाइन मिळते, 'फोकस वाढवते' म्हणून. घ्यावी का? कोणी घेतली आहे का?

---

औषधविद्या (पणजी)

कृपया स्वतःच्या मनाने घेऊ नका. बियांत एल-डोपाचं प्रमाण झाडागणिक बदलतं, साधारण तीन ते सहा टक्क्यांच्या घरात. त्याचं बरंचसं डोपामिन मेंदूबाहेरच तयार होतं, आणि मग मळमळ, उलटी, रक्तदाब खाली जाणं. मनाच्या आजाराच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी. एल-डोपा हे कंपवाताचं औषध आहे, त्या रोग्यांमध्येसुद्धा डॉक्टर मात्रा फार जपून बांधतात.

आणि मेंदू म्हणजे पाण्याची टाकी नाही, कमी झालं की वरून ओतलं असं होत नाही. डोपामिन ज्या टायरोसिनपासून बनतं ते मासे, डाळ, दूध यांतून नेहमी जेवणाऱ्या माणसाला पुरेसं मिळतं. किती सुटतं, कधी सुटतं, पुढच्या पेशीवर त्याला घ्यायला किती दारं उघडी आहेत, यावर सगळं अवलंबून. नोरा व्होल्कोव यांच्या २०१२ च्या अभ्यासात फक्त एक रात्र जागवलेल्या निरोगी माणसांच्या मेंदूत यातली एका प्रकारची दारं कमी झालेली दिसली. कुळागर, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला तिथे दिसतं. तुम्ही झोपता किती?

---

कुळागर (फोंडा)

ताई, हाच प्रश्न कंपनीत कोणी विचारला असता तर!

रात्रपाळीच्या आठवड्यात साडेचार-पाच तास. आणि मला वाटायचं की सवय झालीय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा २००३ चा एक अभ्यास वाचून हा समज गेला. रोज सहा तास किंवा त्याहून कमी अशी चौदा दिवस झोप दिलेल्या लोकांचं लक्ष जवळपास दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतकं घसरलं होतं. आणि त्यांना स्वतःला ते फारसं जाणवत नव्हतं. 'सवय झाली' वाटणं हाच त्याचा भाग होता.

मग मी माझ्या रात्रीचं काय काय होतं ते लिहून काढलं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, तेच झोप आणतं. कॉफी ते कमी करत नाही, त्याची जागा अडवून बसते. मी पहाटे तीनला कडक कॉफी घ्यायचो. कॅफिन अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सकाळी आठला मी गादीवर पडायचो तेव्हा अर्धी कॉफी अंगात, दुपारी एकला पाव. वर सकाळच्या बसने येताना बोरीच्या पुलावर सूर्य समोरून डोळ्यांत. डोळ्यांच्या नाड्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे वर तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा पुंजका आहे, तो शरीराचं घड्याळ चालवतो. त्याला तो उजेड सांगतो, दिवस सुरू झाला. मी झोपायला निघालेलो आणि मेंदूला उठवत होतो.

आता कॉफी एकच, बाराच्या आत. परतताना काळा चष्मा. खोलीच्या खिडकीला पावसाळी ताडपत्री आतून ठोकली. आई शेजारच्यांना सांगून आली की दुपारपर्यंत बेल वाजवू नका. झोप सहा-साडेसहावर आली.

दुसरं, पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि चुका तेव्हाच होतात. पर्यवेक्षकांना विनंती केली की गुणकांची गणितं दोनच्या आत होऊ द्या, चारला काचसामान आणि लेबलं करतो. ते तयार झाले. आणि आकडे उतरवताना मी आणि सोबतची मुलगी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतो. 'पन्नास.' 'पन्नास, बरोबर.' ताईंनी दोर आखूड म्हटलं ना, ते मला आत्ता कळतंय. दर आकड्याला कोणीतरी 'बरोबर' म्हणतं.

जाता जाता: आपल्याकडे दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात म्हणून बाहेरचे नावं ठेवतात. पण दुपारची सुस्ती न जेवताही येते, ती घड्याळातच आहे. आपल्या माणसांनी त्या तासांना वाट करून दिली. मला त्यात शहाणपण दिसतं.

---

सत्तरीकर

हे सगळं वाचून आवंढा आला. मी माझ्या मोठ्या भावाचं लिहितो.

तो पिसुर्ल्याकडे खनिजाचा ट्रक चालवायचा. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीजवरचं खाणकाम थांबलं आणि ट्रक अंगणात उभा राहिला. पहिले काही महिने तो धावपळ करत होता. मग सोप्यावर बसायला लागला. नंतर सोप्यावरही येईना. पहाटे तीनला जाग, जेवण नको, आंघोळीला दुपारचे तीन. आम्ही सगळे काय म्हणायचो ते आता आठवत नाही असं म्हणणार नाही. चांगलं आठवतं. 'उठ रे, हातपाय हलव, असा बसून काय होणार?' मी स्वतः म्हणालोय.

वर्षानंतर सरकारी दवाखान्यात नेलं. नैराश्य निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिने त्याला उत्साहाबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं, पूर्वी दिवसभरात काय काय करायचास? तो म्हणाला, पहाटे ट्रक धुवायचो. ती म्हणाली, उद्या सकाळी आठला एक चाक धू. मन नसलं तरी धू. आणि धुवून झाल्यावर कसं वाटलं त्याला दहापैकी आकडा लिही. ट्रक कुठे जायचा नव्हता, तरी त्याने एक चाक धुतलं. वहीत पहिला आकडा दोन. मी ती वही जपून ठेवलीय. दोन, दोन, तीन, एक, तीन. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्याच्या केळ्यांचे घड वाळपईच्या बाजारात पोचवून आला, त्या दिवशी सहा.

या पद्धतीला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात हे नंतर कळलं. आणि तिची एक मोठी चाचणी आपल्या गोव्यातच झाली होती. 'संगत' ही संस्था १९९६ पासून इथे काम करते, डॉ. विक्रम पटेल तिचे एक संस्थापक. त्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराचं कसलंही आधीचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून सहा ते आठ बैठकांचा हा उपचार दिला. तीव्र नैराश्याचे ४९५ लोक होते. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांत ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत ३९ टक्के. २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलं. जगभर डॉक्टर ते वाचतात आणि आमच्या वाड्यावर कोणाला माहीत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

---

पर्वरी_डेव्ह

माझं पाळी, झोप, नैराश्य असं काही नाही. लहानपणापासूनच असं. एक काम धरलं की दुसरीकडे मन. आवडतं असेल तर सात तास उठत नाही, नाहीतर साधं एक बिल भरायला तीन आठवडे. हे पण यातच येतं का?

---

औषधविद्या (पणजी)

कदाचित एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं जड जाण्याचा विकार. त्याची लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असतात आणि शाळा, घर, नोकरी असं एकाहून जास्त ठिकाणी दिसतात. मोठ्या माणसांतही ते असतं. त्यावरची औषधं कपाळामागच्या भागात डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनालिनला जास्त वेळ काम करू देतात, पण ती तपासणीनंतर डॉक्टरांनीच द्यायची असतात, मित्राची गोळी घेऊन बघायची नसते. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत, आयपीएचबीत, बाह्यरुग्ण विभाग आहे. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

---

निवृत्त मास्तर (डिचोली)

सत्तरीकर, तुमच्या भावाच्या वहीतले ते आकडे दोन वेळा वाचले.

माझ्या शेजारी एक मुलगा आहे. माझाच विद्यार्थी. अभियांत्रिकी केली, पुण्याला नोकरी केली, ती सुटली, दीड वर्षापासून घरी. दारे लावून असतो. त्याच्या आईने मला सांगितले, मास्तर, तुम्ही समजवा, तुमचे ऐकेल. मी गेलो आणि त्याला पाऊण तास जिद्दीवर बोललो. तो मान खाली घालून ऐकत होता. निघताना म्हणाला, सर, मला कळते हो सगळे. तेव्हा मला ते उद्धट वाटले होते. आज तसे वाटत नाही.

त्याला दवाखान्यात कसे न्यावे? 'तुला आजार आहे' म्हटले तर तो येणार नाही.

---

सत्तरीकर

मास्तर, आजाराचं काही बोलू नका. झोप लागते का, जेवण जातं का, एवढंच विचारा. तेवढ्याला उत्तर येतं. आणि तुम्ही परवानगी दिलीत तर रविवारी मी भावाला घेऊन डिचोलीला येतो. तो आता केळी आणि नारळ वाहतो, तुमच्या बाजारात त्याची फेरी असतेच. तो त्या मुलाशी नुसता बसेल. वही सोबत आणायला सांगतो.

---

निवृत्त मास्तर (डिचोली)

या. सकाळी नवानंतर मी घरीच असतो. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवला आहे. जेवूनच जायचे.